संघ मोडला तो शुक्रवार

शुक्रवारच्या जेवणाला घरातलं प्रत्येक माणूस हजर हवं, हा रिफकीचा जुना हट्ट. त्या शुक्रवारी तर त्याने दाढी करता करताच आतल्या खोलीत आवाज टाकला, "आज कुणी कुठे जायचं नाही हं! आज आडनाव ठरवून टाकू. आडनावाचा कायदा झाल्यावर सगळ्या गल्लीने घेतली, आपलंच घर बिनआडनावाचं राहिलंय."

"मला दुपारच्या बोटीने पलीकडच्या किनाऱ्याला जायचंय," गुझिदे म्हणाली. "संघाची सभा आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर जेवण लवकर ठेवलंय."

गुझिदेला त्याचा सूर खटकला. गेल्या दहा-अकरा वर्षांत स्त्री-संघाची एकही सभा या भावाच्या लक्षात राहिली नव्हती. उलट ती बाहेर पडली की तो दारात विचारायचा, "ताई, आज कुठलं सरकार पाडायला निघालीस?" आणि आज बाईसाहेबांच्या सभेसाठी जेवण लवकर!

ती स्वयंपाकघरात आली. पाकिझे द्राक्षाच्या कोवळ्या पानांत भात गुंडाळत बसली होती. या भावजयीच्या हाताला देवाने काय दिलं होतं कोण जाणे. पातेल्यात एकेक गुंडाळी करंगळीएवढी, एकीपेक्षा दुसरी सुताएवढीही जाड नाही. शिवणातही तसंच. संघाच्या शिवणवर्गात ती नणंदेच्या आग्रहाने गेली, आणि वर्षभरात शिकवणारी बाईच तिला विचारून कापड बेतू लागली. गेल्या महिन्यात इस्तंबूलला देशोदेशीच्या बायकांची मोठी परिषद भरली, तेव्हा हॉलंडहून आलेल्या एका बाईंचा रेशमी झगा बोटीच्या कठड्याला अडकून टर्रकन फाटला. पाकिझेने तो असा सांधला की बाईंना फाटल्याची जागाच सापडेना. "तुमचं दुकान कुठे आहे?" असं त्यांनी विचारलं. गुझिदेने फ्रेंचमधून तुर्कीत करून ते सांगितलं, तेव्हा पाकिझे लाजून हसली होती. पण तो प्रश्न तिच्या मनात रुतून बसला. धक्क्याजवळ एक गाळा रिकामा होता. तिने नवऱ्याला विचारलं. रिफकी म्हणाला, "माझी बायको दुकानात बसणार? लोक म्हणतील, रिफकीला बायकोला पोसवत नाही." आणि कायदा रिफकीच्या बाजूचा. नव्या नागरी कायद्यात एक नवरा एकच बायको, बायकोला काडीमोड मागायचा हक्क, सगळं होतं. पण बायकोने काम करायचं तर नवऱ्याची परवानगी हवी, हेही होतं.

"ताई," पाकिझे खाली बघूनच म्हणाली, "आज माझं बोलणार ना तुम्ही?"

"तुझं एकटीचं नाही, सगळ्यांचंच. ते कलम बदलायचा ठराव मी मांडणार आहे. शब्द दिलाय ना?"

"नाव घेऊ नका हं माझं. त्यांना राग येईल."

"नाव नाही घेणार. भावजय म्हणेन."

"मग तर झालंच!" पाकिझे हसली. "तुम्हाला भावजया आहेत तरी किती?"

मुअल्ला आली तेव्हा पानं वाढायची तयारी चालू होती. गुझिदेची ही एकुलती एक लेक. बाप, कॅप्टन शेफिक, स्वातंत्र्ययुद्धात, साकार्याच्या लढाईत पडला तेव्हा ती शाळकरी पोर होती. गुझिदे तिला घेऊन माहेरी आली आणि माहेरचीच झाली. मुअल्ला वकिली शिकली, आणि आता न्यायाधीश म्हणून नेमणूक व्हायची वाट बघत होती. आखूड केस, करडा कोट, चालणं सैनिकासारखं. हॅट खुंटीला अडकवून ती आईच्या गालाला गाल लावायला वाकली, पण नजर मामाकडे गेली. मामानेही मान हलवली. गुझिदेने ते पाहिलं.

जेवायला बसल्यावर रिफकीने घसा खाकरला. "तर आडनाव. मी 'एरतुर्क' ठरवलंय."

"मिळून ठरवायचं होतं ना? मग ठरवलंयस कशाला?" गुझिदे म्हणाली.

"कायद्याने तो हक्क कुटुंबप्रमुखाचा आहे, ताई."

"एर म्हणजे मर्द, शिपाईगडी. तुला ठीक आहे. पण पाकिझे कसली मर्द? ती काय मिशा लावून फिरणार?"

पाकिझेला हसू फुटलं. ते तिने पाण्याच्या पेल्यात लपवलं. रिफकीही हसला, पण उगीच. "तुझं तू ठेव हवं ते. विधवेला स्वतंत्र अधिकार आहे."

"हो, वाचलंय मी. बाईला आडनाव निवडता येतं, पण आधी नवरा मरावा लागतो."

"आई!" मुअल्लाने चमचा खाली ठेवला. "प्रत्येक गोष्टीची अशी थट्टा केलीच पाहिजे का? फ्रान्समधल्या बायकांना अजून मतसुद्धा नाही. आपल्या बायका पार्लमेंटात बसल्या. आणि तू काय शोधतेस, तर मिशा!"

मग रिफकीने ब्रेडचा तुकडा मोडला आणि नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाला, "ताई, आज सभेत काय होणार आहे, कल्पना आहे ना?"

"वार्षिक कामकाज. मग माझा ठराव."

"तुझा ठराव नाही. अध्यक्षीणबाईच सांगणार आहेत. संघाचं काम पुरं झालं. सगळे हक्क मिळाले. तेव्हा संघ विसर्जित करावा."

गुझिदेने हातातली गुंडाळी पुन्हा ताटात ठेवली. कुजबुज तिच्याही कानावर आली होती, पण कुजबुजीला काय, ती दरवर्षी असते. "हे तुला कुणी सांगितलं?"

"पक्षातल्या माणसांनी. वरून तशी इच्छा आहे. परिषदेत त्या इंग्रज-अमेरिकन बायका शस्त्रं खाली ठेवा म्हणाल्या, आणि आपल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तू तर उभी राहून अनुमोदन दिलंस. फ्रेंचमधून! पेपरात नाव आलं तुझं. मला विचारतात लोक, तुमच्या भगिनींनी आपली सेना बरखास्त केली का हो?"

"मी म्हणाले, आयांना मुलं पुरायचा कंटाळा आलाय. यात सेना कुठून आली?"

"इटलीचा तो हुकूमशहा आपल्या किनाऱ्याकडे डोळे लावून बसलाय, आणि तुम्ही म्हणता शस्त्रं ठेवा!" रिफकीने पुढे झुकून आवाज उतरवला. "हे बघ, कुणी रागावलेलं नाही. उलट मानाने मिटवायचं आहे. जुन्या बायकांपैकी कुणीतरी उठून दोन शब्द बोलावेत, म्हणजे आतून झालं असं दिसेल. शत्रू शहरात होता तेव्हा चौकात उभी राहून बोलणारी तू. तुझ्याइतकं वजन कुणाचं आहे? तू बोललीस की विषय संपला."

"आणि मी नाही बोलले तर?"

रिफकीने भाचीकडे पाहिलं. मुअल्लाचे कान लाल झाले.

"माझी नेमणूक अडेल असं मामाला वाटतं," ती म्हणाली. "पण आई, मी त्यासाठी सांगत नाहीये. तुझी शपथ. नेमणूक गेली खड्ड्यात. मला खरंच वाटतं की संघ मिटावा. तुम्ही अजून 'बायका, बायका' करत वेगळ्या बसता. कशासाठी? मी वर्गात मुलांच्या बाकावर बसून शिकले. मला बाई म्हणून काही मागायचं नाही. मी या देशाची नागरिक आहे. बाबा कशासाठी गेले? मी उद्या न्यायासनावर बसेन, ते त्यांच्यामुळे. आणि आपण त्यांच्या देशाला म्हणायचं, अजून दे, अजून दे?"

गुझिदेला लेकीचा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्यात आपलाच दिसत होता. शहर परक्यांच्या ताब्यात असताना ती अशीच बोलत असे, अशीच मान ताठ करून. तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, बायकांच्या मागण्यांचं काय? ती म्हणायची, "आधी शत्रू जाऊ दे." शत्रू गेला. मग म्हणायची, "आधी प्रजासत्ताक रुजू दे." रुजलं. आता म्हणत होते, सगळं मिळालं. 'इतक्यात नको' आणि 'आता गरज नाही', या दोहोंच्या मधला दिवस नेमका उगवला कधी आणि मावळला कधी? त्या दिवशी आपण काय करत होतो?

"मागायचं काय उरलंय, सांग ना," मुअल्ला म्हणाली. "एक गोष्ट सांग."

"परवानगी," पाकिझे म्हणाली.

तिघंही तिच्याकडे वळली. या घरात आल्यापासून पाकिझे जेवताना 'अजून वाढू का' याखेरीज फारसं बोलली नव्हती. तिने हातातला दह्याचा रिकामा वाडगा घट्ट धरला होता.

"नवऱ्याची परवानगी. तेवढं एक उरलंय. तुला नसेल लागत, मुअल्ला, तुझं लग्न नाही झालेलं. मला लागते. संघ मोडू नका, ताई. आम्ही दुसरीकडे कुठे जायचं?"

"घरातलं भांडण चव्हाट्यावर नेतेस?" रिफकीचा आवाज चढला. "काय कमी आहे तुला? सांग ना सगळ्यांसमोर, काय कमी आहे?"

"काही नाही," पाकिझे म्हणाली, आणि दही आणायला उठून गेली.

गुझिदे उठली, हॅट घातली, आरशात न बघता टाचणी खोवली. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून तिने पाकिझेच्या पाठीवर हात ठेवला. "मी मांडणार आहे ठराव. कुणी काही म्हणो." मुअल्ला न बोलता कोट घालून बरोबर निघाली. रिफकीनेही अडवलं नाही.

बोटीवर मायलेकी कठड्याशी उभ्या राहिल्या. किनाऱ्यावरच्या झाडांचा जांभळा बहर गळून गेला होता. "तू रागावलीस?" मुअल्लाने विचारलं. "नाही," गुझिदे म्हणाली. "पण तुझी मामी म्हणाली ते तू ऐकलंस ना?" मुअल्ला पाण्याकडे बघत म्हणाली, "मामा चांगला आहे. आज ना उद्या देईल. देशाचा कायदा एकेका नवऱ्यासाठी बदलायचा असतो का?"

सभेत नेहमीपेक्षा जास्त बायका होत्या, आणि पहिल्या रांगेत पुरुष होते. पेपरवाले, आणि एकदोन गंभीर चेहऱ्यांचे गृहस्थ, त्यांची ओळख कुणी करून दिली नाही. अध्यक्षीणबाईंनी कागद वाचला. ज्यासाठी संघ जन्मला ते उद्दिष्ट साध्य झालं आहे, तुर्की स्त्री आज सर्व हक्कांनी पुरुषाच्या बरोबरीची आहे, सबब संघाच्या अस्तित्वाला प्रयोजन उरलेलं नाही. वाचताना त्यांचा आवाज कापला. आनंदाने की आणखी कशाने, ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी विचारलं, "कुणाला बोलायचं आहे?"

गुझिदे उभी राहिली.

ती उठताच सभागृहात सळसळ झाली. मागच्या रांगेतून कुणीतरी "शाब्बास" म्हणालं. तिच्या जुन्या मैत्रिणी, पांढऱ्या झालेल्या, थकलेल्या, तिच्याकडे बघत होत्या. बाजूला मुअल्ला होती, हात मांडीवर घट्ट बांधून. पेपरवाल्यांनी पेन्सिली सरसावल्या. पहिलं वाक्य गुझिदेने बोटीवरच पक्कं केलं होतं. 'मला एक भावजय आहे.' एवढंच म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं.

"भगिनींनो," ती म्हणाली.

आणि त्या एका शब्दासरशी तिच्या घशात जुना आवाज चढला. चौकातला, युद्धातला आवाज. त्या आवाजाला भावजया, गाळे, फाटलेले झगे माहीतच नव्हते. "भगिनींनो, या मातीत माझं माणूस पुरलं आहे," तो आवाज म्हणाला. गुझिदे ऐकत राहिली. आपलंच बोलणं आपण बाहेरून ऐकावं तसं. ती म्हणत होती की बैलगाड्यांवर तोफगोळे वाहून नेणाऱ्या बायांनी कुणाकडे अर्ज केला नव्हता. देशाने हाक दिली, त्या गेल्या. देश ते विसरला नाही. आता आपण हात पसरणाऱ्या राहिलो नाही, आपण हात देणाऱ्या झालो. अधूनमधून तिला पाकिझेचा दह्याचा वाडगा धरलेला हात डोळ्यांसमोर यायचा, आणि ती मनात म्हणायची, हे वाक्य संपू दे, मग वळते. पण एका वाक्यातून दुसरं निघत होतं, लोक रुमाल डोळ्यांना लावत होते, टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्या पडल्या की आवाज आणखी वर चढत होता. वळण आलंच नाही. "मागायला काही उरलं नाही, ही आमची तक्रार नव्हे, हा आमचा अभिमान आहे," असं म्हणून ती थांबली तेव्हा सगळं सभागृह उभं होतं.

आयुष्यात इतकं चांगलं ती कधी बोलली नव्हती.

हात वर झाले. विरोधात कुणी आहे का, विचारलं गेलं, एकही हात वर झाला नाही. संघ संपला.

बाहेर पायऱ्यांवर म्हाताऱ्या हासेनेने तिची बाही धरली. दोघींनी मिळून तरुणपणी बायकांचं मासिक चालवलं होतं. एकीने लिहायचं, दुसरीने छापखान्यात जाऊन भांडायचं. "गुझिदे, मी आज हात वर करणार नव्हते," हासेने म्हणाली. "मरेपर्यंत नाही, असं ठरवून आले होते. आमच्यातल्या बऱ्याच जणी तशाच आल्या होत्या. पण तू उठलीस. म्हटलं, गुझिदे म्हणतेय तर असेल बाई खरं." तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच गुझिदेला सोसेना. ती काहीतरी पुटपुटली आणि खाली उतरली.

परतीच्या बोटीवर मुअल्ला आईच्या खांद्याला चिकटून बसली होती, लहानपणी बसायची तशी. "आई, मी असं भाषण जन्मात ऐकलं नाही. बाबा असते तर!" तिचे डोळे रडून सुजले होते. लेकीचा असा जीव जडलेला चेहरा बघायला गुझिदे किती वर्षं तरसली होती. तो असा मिळाला. ती लेकीचा हात हातात घेऊन बसली, आणि बोट जितकी घराकडे येत होती, तितकं तिला वाटत होतं की ही थोडी हळू जावी.

पाकिझे फाटकाशीच उभी होती. अजून ऊन होतं. तिने ॲप्रन काढून चांगला झगा घातला होता, जणू तीही सभेला जाऊन आली होती.

"झालं का?" तिने विचारलं. "मांडलंत?"

"नाही," गुझिदे म्हणाली. "विषय निघालाच नाही." मग हे खोटं आहे हे तिलाच सहन झालं नाही. "मी काढला नाही, पाकिझे. उभी राहिले होते. निराळंच बोलले."

"मामी, आई काय बोलली म्हणून सांगू! सगळी सभा रडत होती," मुअल्ला म्हणाली.

"असेल," पाकिझे म्हणाली. "ताई बोलतातच तशा." तिने फाटक उघडून धरलं.

आत रिफकी मिठाईचा खोका घेऊन बसला होता. बातमी त्याच्याकडे या दोघींच्या आधी पोचली होती; टेलिफोन असलेल्या शेजाऱ्याकडे कुणीतरी फोन केला होता. "ये, ये, ताई!" त्याने उठून बहिणीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "आज तू घराण्याचं नाव काढलंस."

गुझिदे हॅट न काढताच खुर्चीवर बसली. "रिफकी, पाकिझेला तो गाळा घेऊ दे."

"ते कुठून निघालं आता?"

"मी मागतेय तुझ्याकडे. परवानगी दे तिला."

रिफकी हसला. दुष्टपणे नाही, थोरल्या बहिणीला चिडवावं तसा, लाडाने. "कुणाच्या वतीने मागतेस, ताई? संघाच्या? संघ तर आता नाही."

"माझ्या वतीने."

"अगं, पण तू तर आत्ताच सगळ्या देशाला सांगून आलीस, मागायला काही उरलं नाही!"

गुझिदेने लेकीकडे पाहिलं. मुअल्लाचं हसू मावळलं होतं.

"मामा, मामीला कोर्टात जाता येतं," ती सावकाश म्हणाली. "नवऱ्याने अडवलं तर न्यायाधीश परवानगी देऊ शकतो."

"जाऊ दे की! पण तिथे सिद्ध करावं लागतं ना, की तिच्या कामात घराचं हित आहे? तूच शिकवलंस मला. या घरात कुणी उपाशी आहे?"

मुअल्लाने कोट काढून खुंटीला अडकवला.

पाकिझे खोक्याची दोरी सोडत होती. ती न थांबता म्हणाली, "मुअल्ला, मी तुझ्यापुढेच आले, तर काय करशील?"

"मामी..."

"खरं सांग. मामी म्हणून नको. तू वर बसलीयस, मी खाली उभी आहे."

मुअल्ला खोटं बोलणारी मुलगी नव्हती. "कायदा जे म्हणतो," ती म्हणाली, "तेच मला..." पुढचं तिने म्हटलं नाही.

"तू चांगली न्यायाधीश होशील," पाकिझे म्हणाली.

तिने चार ताटल्यांत मिठाई वाढली. एकीतही कमी नाही, एकीतही जास्त नाही. रिफकीला दिली, मुअल्लाला दिली. मग गुझिदेच्या पुढ्यात ठेवली, आणि हातरुमालही ठेवला, कारण पाकाने बोटं चिकट होतात. गुझिदेला वाटलं, आता तरी काहीतरी म्हणावं. तिला पाकिझेचा हात धरावासा वाटला, तिची माफी मागावीशी वाटली. पण तोंडी आलं ते, वाढणाऱ्याला या घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात तेच.

"तुझ्या हातांना आरोग्य लाभो, पाकिझे."

यावर 'गोड लागो' म्हणायचं असतं. पाकिझेने ते आजवर कधी चुकवलं नव्हतं. ती आपली ताटली उचलून स्वयंपाकघरात निघून गेली.